रिकाम्या गाडीची वीस वर्षं

मळी नावाच्या बँडनं आयुष्यात एकच अल्बम काढला आणि वर्षाच्या आत बँड मोडला. विषय तिथंच संपायला हवा होता. पण ‘रिकामी गाडी’ काही संपेना.

सांगलीतल्या एका स्टुडिओत, दोन भजनी मंडळांच्या मधल्या रिकाम्या वेळेत, इंजिनिअरिंगच्या तीन पोरांनी तो अल्बम उरकला. उरकला हाच शब्द बरोबर. गिटार सुरात नव्हती. जयराजचे ड्रम गाण्याच्या पुढं पळत होते आणि सूरजची बेस गिटार त्यांच्या मागनं धावत होती. कपिल गात नव्हता, बोंबलत होता. भजनं रेकॉर्ड करण्यात हयात घालवलेला स्टुडिओवाला काच सरकवून आत डोकावला आणि म्हणाला, “पोरांनो, भांडण झालंय का?” कपिलनं त्याला समजावलं की ह्याला पंक म्हणतात, ह्यात सूर आला नाही तरी चालतं, राग आला पाहिजे. स्टुडिओवाल्यानं मान डोलावली. “राग आलाय ते कळतंय,” तो म्हणाला. “तबलजी कवा येणार?”

आता हा अल्बम कुठं वाजत नाही ते विचारा. लग्नाच्या वराती झाल्या, गणपती झाले, एप्रिलातली जयंतीची मिरवणूक झाली, सरपंचाच्या विजयाचा गुलाल झाला. कऱ्हाडच्या जिममध्ये पोरं त्यावर दंड काढतात. शाळेच्या गॅदरिंगला मुख्याध्यापक टाळ्या वाजवत तो ऐकतात. बाकीची गाणी कुणाला आठवत नाहीत, पण अल्बमच्या नावाचं जे गाणं आहे त्याचं धृपद सातारा-सांगलीत बोबडं बोलणाऱ्या पोरालासुद्धा पाठ आहे:

गाडी आली, गाडी आली, काच काळी काळी
आत नुसता टावेल हाय, वाक बापा वाक!

ह्याला एक पाऊलही आहे. ते कुणी बसवलं देव जाणे. एकानं टॉवेल हवेत फिरवायचा आणि ‘वाक’ म्हटलं की बाकीच्यांनी हात जोडून कमरेत असं वाकायचं की कपाळ गुडघ्याला लागावं. नवरदेव वाकतो, करवल्या वाकतात, बंदोबस्ताचा पोलीससुद्धा इकडंतिकडं बघून थोडा वाकून घेतो. कितीजणांच्या कमरा धरल्या असतील त्याचा हिशेब नाही.

गाणं सुचलं कसं, हे कपिलनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचे वडील धनाजी साखर कारखान्यावर हंगामी कामगार होते, वजनकाट्यापाशी. कॉलेजला सुट्टी होती, कपिल डबा घेऊन आला होता. गेटातून चेअरमन लालासाहेबांची गाडी बाहेर निघाली. मागची काच खाली होती. मागच्या सीटवर लालासाहेब नव्हते, त्यांचा पांढरा टॉवेल तेवढा होता. ड्रायव्हर रेडिओचं बटण चाळवत डिझेल भरायला निघाला होता. आणि धनाजी खुर्चीवरून उठले, हात जोडले आणि त्या टॉवेलापुढं कमरेत वाकले.

हा तोच बाप होता, ज्यानं बाबासाहेबांच्या फोटोखाली पोराला उभं करून शिकवलं होतं की शीक, आणि शिकलास की कुणाम्होरं वाकू नगंस. कपिलच्या अंगाची आग झाली. डबा काट्याच्या खिडकीत ठेवून तो तसाच सांगलीला परतला आणि हॉस्टेलवर बसून त्यानं गाणं लिहिलं. हॉस्टेलवरच्या पुण्याच्या एका मुलाकडं पंकच्या सीड्या होत्या, त्यामुळं ओरडायचं कसं ह्याचं शिक्षण आधीच झालं होतं.

अल्बम निघाला तेव्हा आपल्याला मार पडणार ह्याबद्दल कपिलच्या मनात शंका नव्हती. लालासाहेबांची माणसं येणार, गिटार फोडणार, बहुतेक हातही मोडणार. तो खंडाळ्याला मावशीकडं जाऊन लपला. मावशीनं आठवडाभर त्याला चांगलं जेवू घातलं. कुणी आलं नाही. शेवटी लाज वाटून तो गावाकडं परतला, तर कारखान्याच्याच लाऊडस्पीकरवर त्याचं गाणं लागलेलं आणि लालासाहेबांचे कार्यकर्ते धुळीत वाकवाकून नाचत होते.

झालं असं होतं, की लालासाहेबांच्या गटाला वाटलं, ही गाडी विरोधी गटाच्या राजवर्धनची. राजवर्धनच्या गटाला तर खात्रीच होती, की ती लालासाहेबांची. त्या वर्षीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलांनी तेच गाणं वाजवलं आणि प्रचाराच्या रिक्षा समोरासमोर आल्या तेव्हा दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं बोट दाखवून वाकली. ज्यांना दोन्ही गट नको होते ते म्हणाले, बघा, कशी दोघांची उतरवलीय. पुण्याच्या एका बाईंनी परिसंवादात निबंध वाचून सांगितलं, की रिकामी गाडी म्हणजे जागतिकीकरण. कपिलनं तो निबंध दोनदा वाचला. त्यात टॉवेलाचा उल्लेखच नव्हता.

तर अल्बम टिकला तो असा. प्रत्येकाला वाटे, शिवी शेजाऱ्याला आहे.

कपिलला ह्याचं सुख व्हायला हवं होतं. नाही झालं. आता त्याचं मलकापुरात पाण्याच्या फिल्टरचं दुकान होतं, चाळिशी उलटली होती, पोट सुटलं होतं. पण एक काटा वीस वर्षं त्याच्या आत सलत होता. ज्याला बोचावं म्हणून गाणं लिहिलं, त्याला ते बोचलंच नाही. कुणालाच बोचलं नाही. वीस वर्षांत एक माणूस त्याच्यावर रागावला नाही. लोक सेल्फी काढत, पाठ थोपटत, ‘काय लिवलंयस गड्या’ म्हणत आणि फिल्टरवर डिस्काउंट मागत. बंडखोराचं ह्याहून वाईट काय व्हायचं? त्याला फक्त एक रागावलेला चेहरा बघायचा होता. मग मरायला मोकळा, असं तो स्वतःशी म्हणायचा.

अशात एक दिवस जयराज दुकानात आला. जयराजचं आता मोठं डीजेचं सामान होतं, आणि ‘रिकामी गाडी’वर त्याचं घर चालत होतं म्हटलं तरी चालेल.

“कपल्या, सत्कार हाय आपला,” तो म्हणाला.

“कशाचा?”

“अल्बमला वीस वर्सं झाली न्हवं. बॉयलर पेटवायच्या दिवशी कारखान्यावर. शाल, नारळ, ट्रॉफी, अन मग आपुन वाजवायचं. सूरज मिल्ट्रीतनं रिटायर हून आलाय, त्येला बी सांगितलंय.”

“कुणाच्या कारखान्यावर?”

“लालासायबांच्या. दुसऱ्या कुणाच्या? त्यांनीच काढलंय समदं. म्हणले, आपल्या मातीतली पोरं हायत.”

कपिलनं हातातला फिल्टर खाली ठेवला. वीस वर्षं जे घडलं नव्हतं ते घडवायला आता स्टेज आणि माईक मिळत होता, आणि तोही त्याच माणसाच्या खर्चानं. “येतो,” तो म्हणाला. गाण्याच्या मध्ये थांबायचं, लालासाहेबांकडं बोट करायचं आणि सांगायचं, गाडी तुमची. वाकणारा माझा बाप. बघू मग कोण नाचतंय.

बाप समोर असायला हवा होता. म्हणून तो कडेगावाजवळच्या आपल्या गावी गेला. आई बायडाबाई शेंगा फोडत बसली होती. धनाजी खाटेवर होते. त्यांना अजून नीट ऐकू येई, पण ते ऐकू न आल्यासारखं करत.

“आबा, कारखान्यावर माझा सत्कार हाय. तुमी पुढच्या रांगेत पायजे.”

“गाणं म्हणणार हाईस?”

“म्हणजे काय! त्येच्यासाठीच तर.”

“त्येच?”

“व्हय, त्येच. पर ह्या वेळी गोष्ट येगळी हाय. तुमी बघाच.”

धनाजींनी खाटेच्या सुंभाकडं बघितलं. “मला कमरंचं दुखणं हाय,” ते म्हणाले.

“आवं, गाडी लावतो दारात. बसून जायचं, बसून यायचं.”

बायडाबाईनं शेंगा फोडायचं थांबवलं. “त्येस्नी ऱ्हाऊ दे की रं,” ती म्हणाली. “लग्नालाबी कवा येत न्हाईत ते. एप्रिलात मिरवणूक निघती तवाबी दार लावून बसत्यात.”

“म्हातारपण, दुसरं काय,” कपिल म्हणाला. तो घाईत होता, आणि घाईतल्या माणसाला सगळ्याचं उत्तर सापडतं. त्यानं आईला भरीस घातलं, आईनं धनाजींना, आणि ठरल्या दिवशी दोघं धुतलेले कपडे घालून गाडीत बसले.

साधी माणसं ज्याला बॉयलर पेटवणं म्हणतात त्याला पत्रिकेत अग्निप्रदीपन म्हटलं होतं. गेटापासून मांडवापर्यंत फ्लेक्स. फ्लेक्सवर लालासाहेब सर्वांत मोठे, त्यांच्याखाली संचालक, संचालकांखाली त्यांची कर्तबगार मुलं आणि अगदी तळाला, चपलांच्या पातळीवर, मळी बँड. राजवर्धन स्टेजवर लालासाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत होता. दोघं आता एकाच पक्षात होते, त्यामुळं एकमेकांकडं बघून हसत होते आणि खुर्च्या किंचित लांब ओढून घेत होते.

सत्कार आधी झाले. कारखान्याचे शेतकी अधिकारी, ऊसतोडणी मुकादम, एक निवृत्त मुख्याध्यापक, दहावीत पहिली आलेली मुलगी, मागच्या वर्षी सत्कार राहून गेलेले दोघं. शाली संपतात की काय अशी भीती वाटू लागली तेव्हा निवेदकानं मळीचं नाव घेतलं. मग लालासाहेब बोलायला उठले.

“पंक, पंक म्हणत्यात,” ते म्हणाले, “हे काय परदेशातनं आलेलं न्हाई. बंडखोरी ही आपल्या कारखान्याची परंपराच हाय. माझ्या वडलांनी कारखाना काढला, तीबी बंडखोरीच. मी चेअरमन झालो, तीबी बंडखोरीच. उद्या माझा मुलगा होईल.” टाळ्या पडल्या. मुलानं पहिल्या रांगेतून उठून बंडखोर नमस्कार केला.

मळी स्टेजवर चढली. सूरजनं कडक सॅल्यूट ठोकला. जयराजनं चार ठोके दिले आणि कपिलनं तोंड उघडलं. आवाज पूर्वीइतकाच बेसूर होता, पण आता दमही लागत होता. मांडव तरी पेटला. बायका उभ्या राहिल्या, पोरं खुर्च्यांवर चढली, टॉवेल फिरले. पहिल्या धृपदाला सगळा मांडव वाकला. आणि तिथं कपिलनं हात वर करून गाणं थांबवलं.

“ऐका,” तो म्हणाला. “वीस वर्सं तुमी नाचताय. आज सांगतो ही गाडी कुणाची. लालासाहेब, गाडी तुमची. टावेल तुमचा. आन वाकला तो माझा बाप. त्यो तिथं पुढं बसलाय.”

कपिलनं लालासाहेबांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. आता येणार, तो मनात म्हणाला. आता येतोय राग.

लालासाहेब हसले. आधी पोट हललं, मग खांदे. त्यांनी निवेदकाच्या हातून माईक घेतला. “आरं, माझीच गाडी!” ते म्हणाले. “मला वाटलंच हुतं! वीस वर्सं सातारा-सांगली नाचतीय ती माझ्या गाडीवर, बघा!” टाळ्यांचा कडकडाट झाला. राजवर्धनचा चेहरा पडला. “तसली गाडी आमच्याकडंबी हुती,” तो शेजाऱ्याला म्हणाला, “टावेलासकट.” पण ते कुणी ऐकलं नाही.

“कुठं हायत आपले धनाजीराव?” लालासाहेबांनी पुकारा केला. ज्यांनी काट्यावर कित्येक हंगाम ‘ए धनाजी’ अशी हाक ऐकली होती त्यांच्या नावापुढं राव लागला तो हा असा. “आणा त्यांना वर! ते नसते तर गाणं नसतं. वहिनींनाबी साडी द्या!”

दोन संचालकांनी धनाजींना दंडाला धरून वर आणलं. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, फोटोवाल्यानं ‘इकडं बघा आबा’ केलं. कपिल बाजूला माईक धरून उभा होता. त्याची तोफ उडाली होती आणि तिच्यातून गुलाल बाहेर आला होता.

“आबा, मूळ पाऊल दाखवा!” मागून कुणीतरी ओरडलं.

“दाखवा, दाखवा!” सगळा मांडव.

जयराजला मांडवाची नाडी कळत होती, त्याचं पोट त्यावर होतं. बँडचा भरवसा न धरता त्यानं अल्बमचं मूळ गाणंच डीजेवर सोडलं. लालासाहेबांनी खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढला आणि स्वतः हवेत फिरवला. समोर हजारभर माणसं वाकली. धनाजी शाल-नारळासह ताठ उभे राहिले.

कपिल त्यांच्याजवळ गेला. “आबा,” तो म्हणाला, “मी त्येला सांगितलं. तोंडावर सांगितलं.”

धनाजींनी त्याच्याकडं बघितलं. वीस वर्षं कपिल ज्या चेहऱ्याच्या शोधात होता तो हाच होता. रागानं ओठ थरथरत होते आणि डोळ्यांत पाणी नव्हतं.

“त्या दिवशी मी टावेलाम्होरं वाकलो,” धनाजी म्हणाले, “ते कुणी बघितलं हुतं?”

“मी.”

“ड्रायव्हरनं बघितलं? गेटवाल्यानं?”

“न्हाई.”

“मग? येकटा तू बघितलंस. माजं मला रातभर झोप न्हवती. म्हणलं, सकाळी पोराला सांगू, चुकलं आपलं. सवय हुती अंगाला, पाठ आपसूक वाकली. तर तू डबा ठिवून निघून गेलेला.” त्यांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. “मी येकदा वाकलो. तू मला रोज वाकवलंस. भावकीच्या लग्नात, मिरवणुकीत, दारावरनं वरात गेली तरी. लालासायबानं बी येवढं वाकवलं न्हाई मला.”

त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली, बायडाबाईला खूण केली आणि ते स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरले.

कपिलला इतकी लाज वाटली की पळून जावंसं वाटलं, पण गाणं अजून चालू होतं आणि ‘वाक बापा’ हे त्याच्याच आवाजात होतं, विशीतल्या, खणखणीत, निर्दय आवाजात. तो डीजेच्या टेबलाकडं धावला. “बंद कर, जयराज.”

“येडा हाईस का? रंगात आलंय!”

कपिलनं खाली वाकून वायर उपसली.

आणि तेव्हा मांडव रागावला. चेअरमनचं नाव घेतलं तेव्हा नव्हे, कामगाराची गोष्ट सांगितली तेव्हा नव्हे. गाणं बंद पडलं तेव्हा. बाटल्या आल्या, एक खुर्ची आली. शिवतेज नावाचा एक धिप्पाड पोरगा, बहुधा संचालकाचा पुतण्या, स्टेजवर चढला आणि त्यानं कपिलची गचांडी धरली.

“का बंद केलंस रं?”

“माझं गाणं हाय.”

“तुजं कसलं? आमी जल्मल्यापास्नं ऐकतोय. तुज्या बापाचं हाय व्हय गाणं?”

“व्हय,” कपिल म्हणाला.

शिवतेजला तो उद्धटपणा वाटला. त्यानं कपिलच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की दात ओठात रुतला. तोवर जयराजनं वायर जोडली होती. गाणं जिथं तुटलं होतं तिथून सुरू झालं, शिवतेज टॉवेल शोधत खाली उतरला आणि कपिलकडं परत कुणी बघितलं नाही.

धनाजी आणि बायडाबाई फाट्यावरच्या एसटीच्या थांब्यावर बसली होती. बायडाबाईच्या मांडीवर साडीचा खोका होता. तो टाकून द्यायचं तिच्या मनात होतं, पण साडी चांगली होती. कपिल रुमाल ओठाला लावून येऊन बसला. त्याला दोघांच्या मध्ये बसायचं धाडस झालं नाही, म्हणून तो टोकाला बसला.

“कुणी मारलं?” आईनं विचारलं.

“लोकांनी.”

“लय लागलं?”

“न्हाई.”

मांडवातून आवाज येतच होता. वाऱ्यावर धृपद स्पष्ट ऐकू यायचं, मग हजार गळ्यांचा गलका. थांब्यावरचा एक म्हातारा काठीनं ताल धरून बसला होता.

“आबा,” कपिल म्हणाला, “मी सगळीकडनं काढून टाकतो. मोबाईलवरनं, नेटवरनं. जयराजला सांगतो. कुठंच वाजणार न्हाई.”

धनाजींनी पहिल्यांदा त्याच्याकडं जरा मायेनं बघितलं. राग गेला नव्हता, पण पोराच्या ओठाला रक्त होतं.

“उगं काय तरी बोलू नगंस,” ते म्हणाले. “त्ये आता तुज्या हातात न्हाई. तू गेलास तरी वाजंल. लय जोरात लिवलंयस.” त्यांनी रस्त्याकडं मान वळवली. “माज्या मयताला तेवढं लावू देऊ नगंस म्हंजे झालं.”

कपिलनं ‘न्हाई लावू देणार’ असं म्हणायला तोंड उघडलं. मग त्याला भावकीतली पोरं आठवली, जयराज आठवला, कौतुकानं ट्रॅक्टरवर स्पीकर बांधून येणारा सगळा गाव आठवला, आणि त्याला शब्द देता येईना.